तिसरं कोटेशन

हौशीराम केदारी यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कारखान्यासाठी दोन बॉयलर, एक क्रेन आणि अंदाजे नऊ लाख नटबोल्ट खरेदी केले होते, आणि यातली एकही वस्तू पहिल्या भावात घेतली नव्हती. त्यामुळे एका सोमवारी सकाळी शालूबाईंनी "मला कॉम्प्युटर घ्यायचाय," असं सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला, खिशाला पेन आहे का ते चाचपलं आणि "माझ्यावर सोड," असं म्हणाले.

शालूबाईंना खरं तर कुणावर काही सोडायचं नव्हतं. त्यांना फक्त सांगायचं होतं. पैसे त्यांचे होते, पोस्टातले, आणि कामही त्यांचंच होतं. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे मावळातल्या एका निवृत्त मास्तरांची हस्तलिखित वही आली होती. गावोगावच्या शेतांची, झऱ्यांची, खिंडींची नावं आणि त्या नावांमागच्या हकिकती मास्तरांनी चाळीस वर्षं हिंडून गोळा केल्या होत्या. पुस्तक मोलाचं होतं, पण मास्तरांचं अक्षर असं की तीन टायपिस्टांनी वही परत पाठवली होती. टायपिंगचं काम विचारायला गेलेल्या शालूबाईंनी मात्र पहिलं पान घडाघडा वाचून दाखवलं. त्या पवन मावळातल्या, त्यामुळे निम्मी शेतं त्यांच्या ओळखीची होती. प्रकाशक म्हणाले, "नमुन्याची चाळीस पानं पंधरा दिवसांत टाइप करून द्या. जमलं तर पुढची चारशे तुमची. नाहीतर मी हे पुस्तक सोडून देणार आहे."

शालूबाईंची मराठी टायपिंगची चाळीसच्या वेगाची परीक्षा लग्नाआधी झाली होती. नोकरीच्या कॉलचं पत्र आलं त्याच आठवड्यात लग्नाची तारीख निघाली. या विषयावर त्या घरात कधी फार बोलणं होत नसे. पण ती चाळीस पानं आणली त्या दिवशी त्या ती उशाला घेऊन झोपल्या होत्या, हे हौशीरामांनी पाहिलं होतं.

म्हणूनच काम पद्धतशीर व्हायला हवं होतं. हौशीरामांची पद्धत म्हणजे तीन कोटेशनं. लेखी, सहीशिक्क्यासह, आणि एका कोष्टकात शेजारी शेजारी मांडलेली. त्यांनी दोनशे पानी वहीत त्याच सकाळी सतरा रकाने आखले. सतरा रकान्यांत काय भरायचं ते अजून माहीत नव्हतं, पण रकाने सरळ आले होते.

"बाकी काही नको," शालूबाई म्हणाल्या. "मांडीवरचा नको, टेबलावरचा हवा. बटणं मोठी हवीत. आणि त्यात मला मराठी टाइप करता आलं पाहिजे."

"अगं, कॉम्प्युटर आहे तो. त्यात सगळंच करता येतं," असं म्हणून हौशीराम घराबाहेर पडले.

पडले ते थेट शेजारच्या दत्तोबांच्या फाटकावर अडकले. लोणावळ्याच्या तुंगार्लीत या दोन घरांच्या चहूबाजूंनी मुंबईकरांचे बंगले आहेत. त्यांची माणसं शनिवारी येतात आणि रविवारी जातात. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार सल्ला द्यायला दत्तोबांना हौशीरामांशिवाय कुणी नसतं. रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य शेवटच्या डब्यात गेलेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट मागच्या टोकाकडून पाहायची सवय.

"कॉम्प्युटर घ्या, भाऊ, पण आपल्याकडची हवा लक्षात घ्या," दत्तोबा म्हणाले. "जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मग त्या डब्याचं काय होईल? कपाटात आपण बल्ब लावतो तसा त्याच्या आत एक साठचा बल्ब सोडायचा."

हौशीरामांनी अठरावा रकाना आखला: 'बल्बची सोय'.

"आणि अर्थिंग बघून घ्या. अर्थिंग नसेल तर जळतो. माझ्या साडूचा जळला."

हा एकोणिसावा.

बाजारात, चिक्कीच्या दुकानांच्या गर्दीत एका जिन्याखाली समर्थ नावाच्या तरुणाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मुलगा गुणी होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काका, आय-थ्री दाखवू की आय-फाइव्ह?"

"आय-फोर दाखवा."

"आय-फोर नसतो, काका."

"का नसतो?"

समर्थला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तीननंतर पाच, पाचनंतर सात, असंच असतं, एवढं तो सांगू शकला. हौशीरामांनी पेनाचं टोपण लावलं. मधला माल दाबून ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला वरच्या मालावर चढवायचं, ही चाल त्यांनी बेअरिंगच्या व्यापाऱ्यांकडून खूप पाहिली होती.

"बरं, हा आय-फाइव्ह घ्या," समर्थ म्हणाला. "बारावी आहे."

"म्हणजे?"

"बारावी जनरेशन. तेरावीपण आहे, चौदावीपण आहे. पण तुम्हाला बारावी पुष्कळ झाली."

बारावीवर शिक्षण थांबलेल्या आणि गेली पस्तीस वर्षं 'बारावी पुष्कळ झाली' असं ऐकत आलेल्या माणसाला हे लागणारच. "तुम्ही चौदावीचाही दर द्या," हौशीराम थंडपणे म्हणाले.

तासाभराने ते बाहेर पडले तेव्हा सगळे रकाने भरले होते आणि बल्बचा सोडून एकही रकाना त्यांना समजलेला नव्हता. पण लेखी कोटेशन हातात होतं. अडतीस हजार पाचशे, मॉनिटर आणि यूपीएस धरून. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दर दोन दिवसांपुरता.'

"हे काय?"

"रॅमचे भाव चढतायत, काका. रोज सकाळी नवा रेट येतो. घ्यायचा तर आजच घ्या."

आजच घ्या म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडून हौशीरामांनी आजवर काहीही घेतलं नव्हतं. ते घरी आले.

"मराठीचं विचारलंत का?" शालूबाईंनी ताट वाढताना विचारलं.

"सोळा जीबी आहे," हौशीराम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्थिंग बघायला माऊली इलेक्ट्रिशियन आला. मूळचा नाणे मावळातला, कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. त्याने प्लगमध्ये टेस्टर घातला, मीटरच्या पेटीत डोकावला, घराला एक फेरी मारली आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "काका, तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई."

"सव्वीस वर्षं आम्ही इथं राहतोय."

"ती देवाची किरपा. कॉम्प्युटर आनला की किरपेवर चालत न्हाई. खड्डा घ्यायला लागंल. हितं, कुंपनाला लागून."

कुंपणाला लागून खड्डा घेतला. चार फुटांवर माऊलीची पहार कशाला तरी खण्‌ करून लागली आणि खड्ड्यातून पाण्याचा एक सणसणीत फवारा वर आला. ती दत्तोबांची नळाची लाइन होती. कुठल्या जुन्या मालकाने ती केदारींच्या हद्दीतून नेली होती, ते आता सांगायला कुणी नव्हतं. काही क्षणांत अंगभर साबण लावलेले दत्तोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. सल्ला त्यांचाच असल्याने तक्रारीची सोय नव्हती, तेव्हा त्या फवाऱ्यातच उरलेला साबण धुवून ते घरात गेले.

पुढचे पाच दिवस त्या नळात गेले. जोडणी खाजगी जागेत असली तरी ती दुरुस्त करायला परवानगी हवी, परवानगीला अर्ज हवा, आणि पाण्याच्या कार्यालयातल्या बाईंना अर्ज टाइप केलेला हवा, दोन प्रतींत. हौशीरामांनी स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून तो करून आणला आणि सहीपूर्वी शालूबाईंना दाखवला. त्यांनी निमूटपणे पेन घेतलं. 'माझ्या हातून शेजाऱ्याचे पाप फुटले आहे' इथे त्यांनी 'पाइप' केलं. 'तरी पाप जोडून मिळावे' इथेही केलं. एकूण चौदा चुका निघाल्या. पाचव्या दिवशी पाणी आलं. तोवर दत्तोबा रोज सकाळी केदारींच्या न्हाणीघरात अंघोळ करत होते आणि दाराआडून सल्ले देत होते.

अर्थिंग मात्र उत्तम झालं. हौशीराम समर्थकडे गेले तेव्हा त्याच कॉम्प्युटरचे त्रेचाळीस हजार झाले होते.

"आठवड्यात साडेचार हजार?"

"मी सांगितलं होतं, काका."

हौशीरामांना आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं की थांबण्यात चूक झाली. ही भावना इतकी अनोळखी होती की त्यांनी ती तिथेच जिन्याखाली सोडली आणि पिंपरीतल्या एका दुकानाला फोन लावला. तिथून दुसरं कोटेशन आलं, साडेचव्वेचाळीस, आणि त्याची मुदत संध्याकाळी सातपर्यंत होती. त्या रात्री त्यांनी कोष्टकात आकडे मांडले. किंमत उतरवण्यासाठी केलेल्या प्रत्येक फेरीत ती चढली होती. हे कोष्टक कारखान्यात साहेबांपुढे ठेवलं असतं तर साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं असतं.

इथे साहेब नव्हते. शालूबाई होत्या, आणि त्यांनी चष्मा घातलेलाच होता.

"अकरावा दिवस उद्या," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चार दिवस उरलेत. चाळीस पानं आहेत. मी हातानं सुवाच्य लिहून देते म्हणून विचारलं, तर प्रकाशक नको म्हणाले."

हौशीरामांनी वही मिटली. "उद्या वडगावला जाऊ. तिसरं कोटेशन घेऊ आणि जे येईल ते घेऊन टाकू. तू पण चल."

हे 'तू पण चल' म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं. पण एकतीस वर्षांच्या अनुभवाला एवढीच माघार झेपणार होती.

सकाळच्या लोकलने ते वडगावला उतरले. कोर्टाच्या गल्लीत अमृता नावाच्या तरुणीचं दुकान होतं. पुढे झेरॉक्स आणि अर्ज टायपिंग, मागे कॉम्प्युटरची विक्री आणि दुरुस्ती. आत शिरायला जागा नव्हती. सहा माणसं कागद हातात धरून उभी होती आणि अमृता घामाघूम होऊन दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत होती. तिची टायपिस्ट बहिणीच्या लग्नाला गेली होती.

"मावशी, जरा थांबाल का?" ती म्हणाली. "कोटेशन देते, पण हे अर्ज आधी गेले पाहिजेत."

रांगेत पहिला एक म्हातारा शेतकरी होता. पांढरी टोपी, हातात सातबारा. तो शालूबाईंकडे वळून म्हणाला, "माजी बारा वाजता सुनावनी हाय, बाय. उताऱ्यावर नाव चुकलंय. मी केरबा, आन त्येंनी केरसा करून ठिवलंय. आता आमच्या चुलत्याचा पोरगा म्हनतो, हा केरसा कोन, ह्याची जमीन न्हाई. दोन सालं हेलपाटं घालतोय. आज अर्ज न्हाई दिला तर पुढली तारीख दिवाळीनंतर."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. शालूबाईंनी सातबारा वाचला, केरबांचा हाताने लिहिलेला मजकूर वाचला, आणि बाजूच्या टेबलावर विक्रीला मांडलेल्या एका कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"अमृता, यात जुन्या टाइपरायटरचा मराठी कळफलक आहे का?"

"आहे ना, मावशी. कोर्टातले सगळे जुने लोक त्यावरच करतात. त्यांची बोटं दुसऱ्या कशावर चालतच नाहीत. तुम्हाला येतं?"

हौशीरामांनी वही उघडली. एकोणीस रकाने वरून खाली पाहिले, खालून वर पाहिले. कळफलक नावाचा रकाना नव्हता. समर्थने त्यांना चौदावीपर्यंत नेलं होतं, बल्बची जागासुद्धा ठरली होती, आणि बायकोने पहिल्याच दिवशी जे मागितलं आणि ताट वाढताना परत विचारलं ते त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. दुकानात उभे असलेले हौशीराम एका स्टुलावर बसले.

शालूबाई खुर्चीवर बसल्या. पदर खोचला, पाठ ताठ केली, आणि बोटं कळांवर ठेवून क्षणभर डोळे मिटले. पहिल्या दोन ओळी अडखळत गेल्या. 'महोदय'मधला 'ह' सापडायला वेळ लागला. तिसऱ्या ओळीपासून मात्र बोटांना वाट सापडली आणि मग त्या दुकानात जो आवाज सुरू झाला तो कौलांवर गारा पडल्यासारखा होता. झेरॉक्सचं मशीन थांबलं. रांगेतले लोक सरकून जवळ आले. शालूबाई पडद्याकडे बघत नव्हत्या, कळांकडेही बघत नव्हत्या. त्या केरबांच्या कागदाकडे बघत होत्या, आणि मध्येच न थांबता विचारत होत्या, "आबा, गट नंबर एकशे बारा की एकशे एकवीस? इथं दोन्ही लिहिलंय."

"एकशे बारा. एकशे एकवीस चुलत्याचा."

"बघा, हीच चूक तुम्हाला नडली असती."

अकरा मिनिटांत अर्ज छापून निघाला. केरबांनी तो हातभर लांब धरून बोट ठेवत वाचला. "क्ये-र-बा," ते म्हणाले, आणि दोन वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने वावरलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग ते धोतर सावरत जवळजवळ पळतच गेले.

पुढचा माणूस आपोआप पुढे सरकला. त्याच्यामागे चार होते. शालूबाईंनी मागे वळून पाहिलंच नाही, फक्त हात पुढे केला आणि त्यात कागद आला. दीडच्या सुमारास रांग संपली. तोवर केरबा परत आले होते. अर्ज दाखल झाला होता, नाव दुरुस्तीचा आदेश पंधरवड्यात निघणार होता, आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी म्हणे विचारलं होतं की अर्ज कुठल्या वकिलाकडून लिहून घेतला. "म्या सांगितलं, तुंगार्लीच्या बाई हायेत, त्येंच्याकडून," केरबा म्हणाले आणि पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर दोन मुठी भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या.

"मावशी, तुम्ही हाच घेऊन जा," अमृता म्हणाली. "हा एका वकीलसाहेबांसाठी जोडला होता, रॅमचे भाव वाढायच्या आधी. त्यांनी ऑर्डर मोडली. आय-थ्री आहे, पण टायपिंगला याच्या वर काहीही लागत नाही. मला ज्या भावात पडला त्या भावात देते. मॉनिटर, यूपीएस, सगळं धरून एकतीस हजार."

हौशीराम स्टुलावरून उठले. एकतीस हजार. पहिल्या दिवसाच्या समर्थपेक्षा साडेसात हजारांनी कमी. पण त्यांच्या आतला खरेदी विभाग अजून बंद पडलेला नव्हता. "हे लेखी मिळेल ना?" ते म्हणाले. "कोटेशन?"

"देते की," अमृता म्हणाली. "पण काका, माझी टायपिस्ट रजेवर आहे."

सगळ्यांनी शालूबाईंकडे पाहिलं. शालूबाईंनी नवीन पान उघडलं आणि बोटं चालवली. प्रिंटरमधून कागद निघाला, अमृताने त्यावर सहीशिक्का केला, आणि हौशीरामांनी तो वाचला. तपशील बिनचूक होता. किंमत बरोबर होती. सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, एक ओळ होती: 'दर अंतिम आहे. घासाघीस केल्यास ग्राहकास एकट्यास घरी पाठवण्यात येईल.'

हौशीरामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खाली 'मान्य' असं लिहून सही केली. एकतीस वर्षांत पहिल्याच भावाला त्यांनी केलेली ही पहिली सही.

घरी नेताना लोकलमध्ये मॉनिटर हौशीरामांच्या मांडीवर होता, यूपीएस पायांमध्ये, आणि शालूबाई बायकांच्या डब्यात कॅबिनेटचा खोका कवटाळून बसल्या होत्या. लोणावळ्याला उतरल्यावर कळलं की त्या डब्यातल्या तीन बायकांनी त्यांच्याकडून फोन नंबर घेतला होता. एकीला बायोडाटा हवा होता, दोघींना लग्नपत्रिकेचा मजकूर.

चाळीस पानं साडेतीन दिवसांत झाली. हौशीराम मास्तरांची पानं एकेक करून पुढे धरत, चहा करत, आणि लाइट गेली की यूपीएस किती मिनिटं टिकतो ते लिहून ठेवत. दत्तोबांनी खिडकीतून विचारलं, आत बल्ब सोडला का. हौशीरामांनी त्यांना शांत राहण्याची खूण केली. तेविसाव्या पानावर 'भुताचं वावर' नावाच्या शेताची हकिकत होती. शालूबाई टाइप करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्या मामांचं. मी इथं करवंदं तोडलीत." मग परत आवाज सुरू झाला. हौशीराम बराच वेळ त्या आवाजाकडे कान देऊन स्वयंपाकघरात उभे होते. लग्न ठरलं तेव्हा शालूबाईंनी ते नोकरीचं पत्र त्यांनाच दाखवलं होतं, आणि 'आता नोकरी कशाला' असं आपण म्हणालो होतो, तेही त्यांना स्वच्छ आठवत होतं. त्यांनी चहात आलं जरा जास्त घातलं.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी ती पानं स्वतः पुण्याला नेऊन दिली. तीन दिवसांनी दुपारी फोन आला तो हौशीरामांनी उचलला.

"केदारी का? चाळीस पानांत एक चूक सापडली," प्रकाशक म्हणाले. "आणि ती मास्तरांची निघाली. बाईंना सांगा, पुढची चारशे पानं उद्या पाठवतोय. पुढच्या महिन्यात आणखी एक पुस्तक आहे, तेही त्यांनाच द्यायचं म्हणतो. अजून एक विचारायचं होतं. आम्ही पुस्तकात अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव छापतो. नाव काय घालू?"

"थांबा, त्या कामात आहेत, विचारतो," हौशीराम म्हणाले आणि फोनवर हात ठेवून दारात गेले. "पुस्तकात तुझं नाव छापणारेत. कसं घालायचं?"

शालूबाई लोकलमध्ये भेटलेल्या बाईची लग्नपत्रिका टाइप करत होत्या; त्यांची बोटं थांबली नाहीत. "शालन केदारी."

हौशीराम जरा घुटमळले. "मधलं नाव?"

"नको. लांब होतं."

हौशीरामांनी फोनमध्ये ते नाव स्पष्ट, दोनदा सांगितलं. मग त्यांनी हलकेच दार लोटून घेतलं, घरात घालायचा सदरा बदलून इस्त्रीचा चढवला आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. दत्तोबा झाडांना पाणी घालत होते.

"आमचं नाव पुस्तकात छापून येतंय," हौशीराम म्हणाले.

दत्तोबांनी नळी खाली ठेवली. "तुमचं?"

"आडनाव माझंच आहे," हौशीराम म्हणाले.